शेरा

सर्टिफिकेट कोर्सच्या पुस्तकात
शेऱ्याच्या रकान्याला मिळून अर्धी ओळ आहे :
'आवश्यक असल्यास माहिती लिहावी.'
परीक्षेत त्यावर दोन मार्कांचाही प्रश्न येत नाही.

मग मी इथे आले, भांडीबाजारामागच्या बोळात,
तीन महिन्यांच्या उमेदवारीवर.
चिटणीसांनी किल्ल्यांचा जुडगा दिला,
पंख्याचं बटण दाखवलं,
'दोनवरच ठेवा, तीनवर पानं उडतात,'
आणि गेले.

खैरनारबाई निवृत्त झाल्या त्याला वर्ष झालं.
सिन्नरला लेकीकडे असतात, दिसतं कमी म्हणे.
मला त्यांनी काहीच शिकवलेलं नाही.
त्यांची दाखल नोंदवही तेवढी मागे राहिली,
लाल कापडी बांधणीची,
एक कोपरा वाळवीने चाखून सोडलेला.

क्रमांक, तारीख, लेखक, नाव, पृष्ठे, किंमत,
सगळं कसं नियमात, शाईचा एक ठिपका इकडचा तिकडे नाही.
आणि शेवटी बोटभर रुंदीचा तो रकाना,
तिथे बाईंचं अक्षर एकदम लहान होतं,
गर्दीत अंग चोरून उभं राहावं तसं.

४१२. 'पुरात भिजलं. दुतोंड्याच्या छातीला पाणी होतं.
पानांत टीपकागद घालून गच्चीवर सावलीत वाळवलं.
उन्हात घालू नये, पुठ्ठा रुसतो.'

६३०. 'शेतकीचं म्हणून शेतकीत ठेवलं. सात वर्षं कोणी हात लावला नाही.
दाराजवळच्या टेबलावर आणलं.
महिन्यात चौघांनी नेलं, तिघे पिंपळगावचे.'

(वर्गीकरणाचा अख्खा पेपर मी पाठ केलाय.
त्यात दाराजवळच्या टेबलाला क्रमांक नाही.)

८८७. 'तेलाचा डाग, पृ. ३१. चिवडा. दंड घेतला नाही.
पृ. ३१ वर मलाही भूक लागली होती.'

१२०९. 'मीच रद्दीत काढलं. आठवड्याने एक मुलगी तेच मागायला आली.
काढताना तारखेची चिठ्ठी बघावी, धूळ बघू नये.'

ही नोंद मी तीनदा वाचली.
स्वतःची चूक कुणी अशी पक्क्या शाईत ठेवतं का,
पुढच्या माणसाच्या हाताला लागेल अशी?

१०४५ तर रकान्यात मावतच नाही,
खाली वळसा घेऊन समासात उतरलीय :
'श्री. पगारे यांच्याकडे. प्रेसमध्ये रात्रपाळी.
स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन.
खडकाळीला घरी गेले. आजारी आहेत. पुस्तक उशाशी होतं,
खूण अर्ध्यावर.
मुदत वाढवली.'
मग वेगळ्या शाईत :
'परत आलं. मुलगा घेऊन आला.'

पुढे काही नाही.
मी उठून वर्गणीदारांचं रजिस्टर काढलं.
त्याच तारखेला एक नवं नाव, पगारे, निशिकांत, वय अकरा.
अनामत : माफ.
आणि खूण कुठे होती हे पाहावं म्हणून
१०४५ शोधायला गेले,
तर ते बाहेर गेलेलं होतं.
वाचायला.

परवा सिन्नरला फोन लावला.
विचारायचं पुष्कळ होतं, तोंडातून निघालं एवढंच,
'बाई, मी वाचनालयातून बोलतेय.'
त्या म्हणाल्या, 'पंखा दोनवर आहे ना?'

एका शेऱ्यावर मात्र माझं पटत नाही.
१५७७, चित्रांचं मोठं पुस्तक :
'मुलांच्या हाती देऊ नये. फाडतात.'

काल बोहोरपट्टीतला एक पोरगा
तासभर त्याच फळीखाली मान वर करून उभा होता.
आज संध्याकाळी, कुलूप लावण्याआधी,
मी बाईंच्या ओळीखाली लिहिलं :

'दिलं. फाटलं. चिकटवलं.
पुन्हा दिलं.'

पेन्सिलनेच लिहिलं.
परीक्षा अजून व्हायचीय.